तरुणांच्या मेळाव्यात गायचे काय?

मंडळी, गावच्या देवळात काकडा चालला आहे असे समजा. चाल आजोबांच्या आजोबांपासून ठरलेली. तेवढ्यात मुंबईहून सुट्टीला आलेला एखादा भाचा पेटी पुढे ओढतो आणि तोच अभंग सिनेमाच्या चालीवर धरतो. पोरे खूष होतात, टाळ्या पडतात. वीणेकरीबुवा मात्र खाली मान घालून बसतात. आता चूक कोणाची? भाच्याची म्हणावे, तर तो अभंगच म्हणतो आहे. बुवांची म्हणावे, तर चाल गेली की अभंगातले काहीतरी गेलेच, हे त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

हाच तंटा दूर अमेरिकेत ल्यूथरपंथी ख्रिस्ती लोकांत चालत आला आहे, आणि तो रंगतो तो तरुणांच्या मोठमोठ्या मेळाव्यांत. एका बाजूला बाजाची पेटी नव्हे, चांगला भला थोरला ऑर्गन, हातात गीतांचे पुस्तक आणि उपासनेचा ठरलेला क्रम : पापकबुली, दयेची याचना, शास्त्रवाचन, मतांगीकार, प्रवचन, प्रभुभोजन. दुसऱ्या बाजूला व्यासपीठ, गिटार, ढोल, झगझगीत दिवे आणि पडद्यावर उमटणारे शब्द, तीच ओळ पुन्हा पुन्हा. दोन्ही बाजू आपापल्या समर्थनाला एकाच माणसाचे नाव घेतात : मार्टिन ल्यूथर.

तेव्हा आधी ल्यूथरकडेच जाऊ. नव्या चालीचे लोक म्हणतात, ‘ल्यूथरसाहेबांनी दारूच्या गुत्त्यातल्या चाली उचलून देवाची गाणी केली, मग आम्हीच का नको?’ ऐकायला झकास, पण खरे नाही. जर्मन गीतरचनेच्या एका प्रकाराला ‘बार’ म्हणतात. त्यात एक चाल दोनदा येते आणि मग निराळी तिसरी. या शब्दाचा कोणीतरी गुत्ता केला आणि गोष्ट पसरली. आता हेही सांगितले पाहिजे, की लौकिक गाण्याची चाल ल्यूथरने एकदा खरोखरच घेतली. नाताळचे त्याचे एक प्रसिद्ध गीत १५३५ साली छापले गेले ते लोकगीताच्या चालीवर. पण १५३९ साली तेच गीत नव्या चालीवर छापलेले दिसते, आणि पुढे तीच चाल टिकली. म्हणजे उसनी चाल घेतली, आणि चार वर्षांत बदललीही!

मला यापेक्षा महत्त्वाच्या वाटतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. १५२४ साली विटेनबर्गला योहान वाल्टर याने तीन ते पाच स्वरांत बसवलेले गीतांचे पुस्तक निघाले. त्याच्या प्रस्तावनेत ल्यूथर म्हणतो, की ही गाणी केली ती तरुणांसाठी. प्रेमाच्या उथळ गाण्यांऐवजी त्यांना काही चांगले गायला मिळावे म्हणून. झाली ना नव्याची बाजू? आता १५२६ चे पुस्तक उघडा. उपासना लोकांच्या भाषेत, जर्मनमध्ये, कशी करावी हे त्याने त्यात सांगितले. पण तिथेच तो म्हणतो, की लॅटिन उपासना मी बंद करणार नाही, आणि कारण देतो ते पुन्हा तरुणांचेच! पोरांना परभाषा यावी, परमुलखात त्यांनी मुके राहू नये. ग्रीक आणि हिब्रू तितक्याच परिचयाच्या असत्या, तर चारही भाषांत उपासना केली असती, असेही तो म्हणतो. गुरुजन मंडळींनी हे जरा ध्यानात घ्यावे. मुलांसाठी सोपे करणे आणि मुलांसाठी अवघड राखून ठेवणे, दोन्ही त्याला मुलांच्याच प्रेमापोटी हवे होते.

शिवाय १५३० सालच्या आऊग्सबुर्गच्या मतपत्रिकेत या पंथाने स्पष्ट लिहून ठेवले, की माणसांनी घातलेले विधी सगळीकडे सारखे असणे जरुरीचे नाही. त्यामुळे हा तंटा मिटवायला ‘ग्रंथात असे आहे’ म्हणून कोणालाच सुटता येत नाही.

तंटे मग झालेच. १७०४ सालापासून हाले गावी फ्राइलिंगहाउझेनने नवे गीतसंग्रह काढले, भक्तिभावाच्या उड्या मारणाऱ्या चालींचे. १७१६ साली विटेनबर्गच्या धर्मपंडितांनी त्यांवर कोरडे ओढले. याच हालेत शिकलेला त्सीगेनबाल्ग १७०६ साली तमिळ मुलखात तरंगमबाडीला उतरला. तिथल्या मंडळ्या जर्मन चालींवर तमिळ शब्द गाऊ लागल्या. पुढे तंजावरचे वेदनायगम शास्त्रियार (१७७४–१८६४) यांनी कर्नाटक रागांत ख्रिस्ती पदे रचली. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) हेच मराठीत केले. ते ल्यूथरपंथी नव्हते, त्यांची मिशन अमेरिकन मराठी मिशन. पण ओवी, अभंग आणि भजन चर्चमध्ये आणले तेव्हा ते तिथे ‘नवे’ ठरले. आपल्या घरचे सर्वांत जुने, आणि चर्चमध्ये सर्वांत नवे! तेव्हा जुने-नवे म्हणताना कोणाचे जुने, हे विचारायला हवे.

आता अमेरिकेत चला. १८९३ साली बफेलो शहरात ‘वॉल्थर लीग’ ही तरुणांची संघटना स्थापन झाली. १९६५ साली कॅलिफोर्नियात स्क्वॉ व्हॅली येथे तिच्या अधिवेशनाला पीट सीगर या बॅन्जोवाल्या लोकगायकाला बोलावणे गेले, आणि काय गदारोळ! भांडण नुसत्या बॅन्जोचे नव्हते, बरं का. सीगरला १९५५ साली संसदेच्या समितीने त्याच्या डाव्या मतांबद्दल जाब विचारला होता, आणि त्याने उत्तर द्यायचे नाकारले होते. चालीवरून सुरू झालेला वाद असा पुष्कळदा दुसऱ्याच गोष्टीवरचा असतो. कोण आमचा, कोण नाही, मुले कोणाच्या हाती जाताहेत, ही धास्ती खरी.

ती लीग पुढे विरत गेली. मिसुरी सिनडने १९८० साली कोलोराडोत फोर्ट कॉलिन्सला पहिला राष्ट्रीय तरुण मेळावा भरवला, आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी तो भरू लागला. दुसरी मोठी ल्यूथरन मंडळी, १९८८ साली एकत्र झालेली, तिचेही मेळावे होऊ लागले; २००९ साली न्यू ऑर्लिन्सला सुमारे ३७,००० जण जमले. तालुक्याच्या जत्रेएवढी गर्दी, आणि तीही बहुतेक शाळकरी पोरांची! एवढ्या घोळक्यात पुस्तक वाटायचे कसे, ऑर्गन आणायचा कुठून? गिटार आणि पडदा आले ते काही अंशी सोयीनेच. पण सोयीने आलेली वस्तू सवय होऊन बसते. गावी परतलेली मुले विचारू लागली, ‘आपल्या चर्चमध्ये असे का नाही?’ आणि चाळीस माणसांच्या त्या चर्चमधली वाजवणारी बाई बिचारी काय उत्तर देणार?

आणि मग गंमत पाहा. २००० सालच्या सुमारास मिसुरी सिनडच्याच काही पाळकांनी ‘हायर थिंग्ज’ नावाने तरुणांची निराळी संमेलने सुरू केली. विद्यापीठांच्या आवारात मुले राहतात, आणि सकाळ, संध्याकाळ, निजायच्या आधी जुन्याच क्रमाने प्रार्थना म्हणतात, जुनीच लांबलचक गीते गातात. नव्याचा हट्ट तरुणांचा आणि जुन्याचा म्हाताऱ्यांचा, हा हिशेब इथे साफ चुकतो. पडदा आणि ढोल आणणारे पुष्कळसे आता पन्नाशी उलटलेले आहेत, आणि सोळा वर्षांची पोर पुस्तकात बोट घालून सोळाव्या शतकातले कडवे शोधते आहे.