बॉयकॉट : एका आडनावाचा प्रवास



इंग्रजी शब्द शिकण्याची आमच्या शाळेतली रीत साधी होती. वहीच्या पानाला मधोमध उभी घडी घालावयाची, डावीकडे शब्द व उजवीकडे त्याचा मराठी अर्थ लिहावयाचा, आणि घोकावयाचे. ‘बॉयकॉट म्हणजे बहिष्कार’ हे आम्ही असेच घोकले. घोकलेले खोटे नव्हते. पण डावीकडचा शब्द हे एका गृहस्थाचे आडनाव आहे, आणि उजवीकडचा शब्द आपल्या गावांतून त्याच्या कितीतरी आधीपासून निराळ्याच कामाला राबत होता, हे त्या वहीत मावण्यासारखे नव्हते.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट १८३२ साली इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यात जन्मला. काही काळ पलटणीत होता, म्हणून लोक त्याला कॅप्टन म्हणत. पुढे आयर्लंडच्या पश्चिमेस, मेयो परगण्यातील लॉक मास्क सरोवराच्या काठी, लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी झाला. १८७९ साली पिके बुडाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कुळांची ‘लँड लीग’ उभी राहिली. पुढच्या वर्षी लॉर्ड अर्नने खंडात शेकडा १० सूट देऊ केली. कुळे २५ मागत होती.

१९ सप्टेंबर १८८० रोजी एनिस गावी पार्नेलचे भाषण झाले. शेजाऱ्याला हुसकावून मोकळी केलेली जमीन जो घेईल त्याचे काय करावे, असे त्याने सभेला विचारले. गर्दीतून ठार मारण्याची आरोळी आली. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे : रस्त्यात, दुकानात, बाजारात, प्रार्थनास्थळीसुद्धा त्याला एकटा पाडा. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. या भाषणातला अपराधी जमीनदार नव्हता. तोही कूळच होता.

तीनच दिवसांनी बॉयकॉटच्या कुळांवर बेदखलीच्या नोटिसा बजावण्यास माणूस निघाला. बायकांनी दगडमातीचा मारा करून त्याला परत पाठवले. मग कारभाऱ्याच्या घरचे गडी निघून गेले. लोहार येईना, परटीण कपडे घेईना, जवळच्या बॅलिनरोब गावचे दुकानदार माल देईनात. बॉयकॉटने ‘टाइम्स’ला पत्र लिहून गाऱ्हाणे मांडले, ते १८ ऑक्टोबरला छापून आले व बोभाटा झाला. नोव्हेंबरात उत्तरेकडून ५० स्वयंसेवक त्याचे पीक काढण्यास आले आणि त्यांच्या रक्षणास सुमारे हजार सैनिक व पोलीस! पीक पाचएकशे पौंडांचे, खर्च दहा हजारांच्या घरात. महिनाअखेर बॉयकॉटने मुक्काम हलवला, तर डब्लिनमधल्या हॉटेलवाल्यानेही त्याला ठेवून घेण्यास नकार दिला.

शब्दाचा जन्म याच धामधुमीतला. जेम्स रेडपाथ नावाच्या अमेरिकन पत्रकाराने तो सांगून ठेवला आहे. जॉन ओमॅली या पाद्र्याजवळ तो अडखळत बसला होता. या प्रकाराला ‘ऑस्ट्रसिझम’ म्हणावे, तर शेतकऱ्यांना त्या शब्दाचा अर्थ कळणार नाही. ओमॅली थोडा विचार करून म्हणाला, मग त्याला ‘बॉयकॉट करणे’च म्हणू या. आमच्या मते पाद्रीबुवांची निवड नुसती सोपी नव्हती, अचूकही होती. अथेन्समध्ये खापरीवर नाव कोरून माणसाला हद्दपार करीत ते कायद्याने; दहा वर्षांची मुदत असे आणि त्याच्या मालमत्तेला धक्का लागत नसे. मेयोत ना कायदा, ना मुदत. माणूस घरातच राहिला आणि गाव त्याच्यापासून दूर गेला. नव्या गोष्टीला जुने नाव बसत नव्हते. नोव्हेंबर उलटण्यापूर्वीच नवा शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत गेला आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तो उचलला.

आपल्याकडे तो शब्द गाजला तो वंगभंगाच्या वेळी. ७ ऑगस्ट १९०५ रोजी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावरील बहिष्काराचा ठराव झाला. त्याच डिसेंबरात बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून बोलताना गोखल्यांनी या शब्दाचा अर्थच तपासला. बंगालच्या संकटात हे शस्त्र उचलणे त्यांनी रास्त ठरवले; परंतु या शब्दाला त्याच्या जन्मापासूनच वाईट वास चिकटला आहे, तो उच्चारताच दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी आधी मनात येते, म्हणून एरवी ‘स्वदेशी’ म्हणणेच बरे, असा त्यांचा अभिप्राय होता. टिळकांच्या चतुःसूत्रीत मात्र बहिष्कार राहिला. सुरतेस १९०७ साली काँग्रेस फुटली, त्या भांडणाच्या मुळाशी जे ठराव होते त्यांत बहिष्काराचाही होता.

बहिष्काराचा जुना अर्थ या दोघांच्याही पुण्याला पुरता ठाऊक होता. ग्रामण्य, वाळीत टाकणे, रोटीबेटी बंद, न्हावी-परीट बंद. १८९० साली पंचहौद मिशनमधल्या चहापानावरून झालेल्या ग्रामण्यात टिळक आणि रानडे दोघेही सापडले होते. पण ब्राह्मणांच्या घरातले ग्रामण्य प्रायश्चित्ताने निभावत असे. ज्याला प्रायश्चित्ताचीही सोय नाही, त्याचे काय? १९२४ साली डॉ. आंबेडकरांनी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापली आणि महाडच्या चवदार तळ्यानंतर, एप्रिल १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ काढले. त्या नावांतला शब्द टिळकांच्या चतुःसूत्रीतलाच आहे आणि अर्थ त्याच्या पार उलटा. आयर्लंडात कुळांनी कारभाऱ्याला एकटे पाडले. येथे जमीनवाल्यांनी मजुराला पाडले. १९३० साली स्टार्ट समितीने मुंबई सरकारला दिलेल्या अहवालात याचे वर्णन आहे : सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला की काम बंद, वाट बंद, वाण्याचे दुकान बंद. डॉ. आंबेडकर या समितीचे सभासद होते. गोलमेज परिषदेत त्यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्याची व्याख्या १९२२ च्या ब्रह्मदेशातील कायद्यावरून घेतली. कोशकाराला जे एका ओळीत उरकते, ते तेथे कलमवार लिहावे लागले : घर भाड्याने न देणे, देवघेव न करणे, नेहमीचे काम नाकारणे.

मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला तो निराळ्या शब्दाने, ‘एक्सकम्युनिकेशन’ने, म्हणजे जातीतून वा धर्मपंथातून काढून टाकणे. तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द केला. पंथातून कोणाला काढावे हा पंथाच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग, असे बहुमताने ठरले. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ गावकी आणि जातपंचायती वाळीत टाकीतच राहिल्या. महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आला तेव्हा कृत्यांची लांबलचक यादी देऊन बहिष्काराची व्याख्या केली गेली, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्याच्या मराठी नावात ‘सामाजिक बहिष्कार’ हे शब्द आहेत. इंग्रजी नावात त्यांच्या जागी ‘सोशल बॉयकॉट’ असे छापले आहे. कॅप्टन बॉयकॉट १८९७ सालीच वारला होता.