सेल कोण भरणार?

१९८९ साली निन्टेन्डोने जपानमध्ये गेम बॉय आणला तेव्हा कागदावर तो अगदीच गरीब दिसत होता. रंग नाहीत, हिरवट पडद्यावर फक्त चार छटा. पडद्यामागे उजेड नाही, म्हणजे अंधारात खेळायचं विसरा. त्याच वर्षी अमेरिकेत अटारीचा लिंक्स आला आणि १९९० मध्ये जपानात सेगाचा गेम गिअर. दोघांचेही पडदे रंगीत आणि उजळ. नुसती स्पेसिफिकेशन्स वाचून पैज लावली असती तर आपण सगळेच हरलो असतो!

कारण पडद्यामागची ती इवलीशी ट्यूबलाइट सेल गटागटा प्यायची. लिंक्स काय नि गेम गिअर काय, सहा पेन्सिल सेल घालायचे आणि चार-पाच तासांत फेकायचे. गेम बॉय चार सेलवर पंधराएक तास चालायचा. किंमतही बघा: अमेरिकेत गेम बॉय सुमारे ९० डॉलरना, लिंक्स १८० ला.

हा काही योगायोग नव्हता. गेम बॉयमागच्या गुन्पेई योकोईंचं तत्त्वच होतं, की मुरलेलं, स्वस्त झालेलं तंत्रज्ञान घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. १९८० चा त्यांचा गेम अँड वॉचसुद्धा कॅल्क्युलेटरच्याच जातीच्या पडद्यावर उभा होता.

गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींहून जास्त खपले. गेम गिअर साधारण एक कोटीवर थांबला.

आमच्या डिझाइन मीटिंगमध्ये ‘अजून काय घालता येईल?’ हे सगळे विचारतात. ‘सेल कोण भरणार?’ हे मात्र कुणीच विचारत नाही. मीसुद्धा नाही.