फॅसिझम, एकाधिकारशाही आणि लोकानुनय : शब्द तीन, कसोटी वृत्तपत्रांची

पुणे - प्रचारसभा, परिसंवाद आणि वाचकांचा पत्रव्यवहार यांत 'फॅसिस्ट', 'हुकूमशहा' आणि 'लोकानुनयी' हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. न रुचणाऱ्या सत्तेला यांपैकी जो अधिक बोचरा वाटेल, तो लावला जातो. राज्यशास्त्रात मात्र या तिन्ही संज्ञांचे अर्थ भिन्न आहेत आणि हा भेद केवळ पंडिती नाही. सत्ता कोणत्या जातीची आहे, यावरच तिला आवर घालण्याचे कोणते मार्ग शिल्लक आहेत, हे ठरत असते. ती ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे सत्तेचे वृत्तपत्रांशी असलेले वर्तन.

एकाधिकारशाही : 'गप्प राहा'

राज्यशास्त्रज्ञ हुआन लिंझ यांनी १९६४ मध्ये फ्रँकोच्या स्पेनचा अभ्यास करताना एकाधिकारशाहीची लक्षणे मांडली. अशा राजवटीत मर्यादित प्रमाणात अन्य संस्था व गट टिकून राहतात, बांधेसूद तत्त्वज्ञान नसते आणि जनतेने रस्त्यावर उतरून जयजयकार करावा, अशी अपेक्षाही फारशी नसते. जनतेने राजकारणात लक्ष घालू नये, एवढेच राज्यकर्त्यांना हवे असते. वृत्तपत्रांकडूनही मुख्य अपेक्षा मौनाची असते.

फॅसिझम : 'एका सुरात बोला'

फॅसिझमला मौन पुरत नाही. त्याला सहभाग हवा असतो. राष्ट्राच्या पुनरुत्थानाचे स्वप्न, सर्वोच्च नेता, गणवेशधारी दले, हिंसेचे उदात्तीकरण आणि अंतर्गत शत्रूचा शोध ही त्याची लक्षणे. बेनितो मुसोलिनी स्वतः संपादक होता. १९२२ मध्ये तो सत्तेवर आला. जून १९२४ मध्ये विरोधी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांची हत्या झाली आणि पुढील दोन वर्षांत विरोधी वृत्तपत्रे बंद पाडण्यात आली. १९२५ च्या अखेरच्या कायद्याने पत्रकारितेसाठी अधिकृत नोंदपटावर नाव असणे बंधनकारक झाले. जर्मनीत ऑक्टोबर १९३३ च्या संपादक कायद्याने ज्यूंना या व्यवसायातून हद्दपार केले. पत्रकार हा राज्याचा सेवक ठरला.

लोकानुनय : 'हे लोकांचे शत्रू'

मराठीत 'लोकानुनय' म्हटले, की कर्जमाफी किंवा मोफत वाटपाच्या घोषणा डोळ्यांसमोर येतात. राज्यशास्त्रातील अर्थ निराळा आहे. एका बाजूला निर्मळ जनता, दुसऱ्या बाजूला भ्रष्ट अभिजन आणि जनतेचा खरा आवाज केवळ आपणच, ही ती मांडणी. ती डावीकडेही आढळते आणि उजवीकडेही. लोकानुनयी नेता निवडून आलेला असतो. पण आपल्या आणि जनतेच्या मध्ये उभ्या असलेल्या न्यायालय, वृत्तपत्र अशा संस्था त्याला खुपतात. अर्जेंटिनात हुआन पेरॉन यांच्या सरकारने १९५१ मध्ये 'ला प्रेन्सा' हे दैनिक ताब्यात घेऊन कामगार संघटनेकडे सोपविले. 'अभिजनांचे पत्र जनतेच्या हाती' असा त्याचा थाट होता. प्रत्यक्षात एक टीकाकार नाहीसा झाला.

पुण्याचा अनुभव

पुणेकरांना यांतील पहिल्या प्रकाराची ओळख फार जुनी. 'केसरी'तील लेखनाबद्दल लोकमान्य टिळकांना १८९७ मध्ये अठरा महिन्यांची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. शिवराम महादेव परांजपे यांनाही १९०८ मध्ये राजद्रोहाखाली तुरुंगवास घडला. त्यांचे 'काळ' १९१० च्या वृत्तपत्र कायद्याखाली मागितलेल्या जामिनामुळे बंद पडले. संपादक तुरुंगात आणि छापखाना जामिनाच्या ओझ्याखाली, ही परकीय एकाधिकारशाहीची पद्धत होती.

स्वतंत्र भारतातील कठीण प्रश्न आणीबाणीचा. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी लादली गेली आणि पुढे चार वृत्तसंस्थांची मिळून 'समाचार' ही एकच संस्था करण्यात आली. विशेष म्हणजे 'फॅसिस्ट' हा शब्द तेव्हा दोन्ही बाजू वापरत होत्या. जयप्रकाश नारायण यांचे आंदोलन फॅसिस्ट असल्याचे सत्ताधारी सांगत आणि विरोधक तेच विशेषण इंदिरा गांधींना लावीत.

वरील कसोट्या लावल्या, तर आणीबाणी ही राज्यघटनेतील तरतुदींचा आधार घेऊन आलेली एकाधिकारशाही ठरते. १९७१ च्या 'गरिबी हटाओ'पासूनची तिची भाषा लोकानुनयी होती. मात्र गणवेशधारी दले आणि एकपक्षीय राज्य या फॅसिझमच्या खुणा तिच्यात नव्हत्या. याचा अर्थ ती सौम्य होती, असा नव्हे. हजारो लोक खटल्याविना तुरुंगात होते. एप्रिल १९७६ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्गच बंद केला.

तरीही काही दारे किलकिली राहिली होती. पुण्यात यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखालील 'साधना' साप्ताहिकाने सरकारी कारवाईला तोंड देत विरोध सुरू ठेवला. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. पुढे त्यांना अटक झाली. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट' प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९७६ रोजी निर्णय दिला. सर्व वृत्तपत्रांना एका सुरात बोलायला लावणे हे तपासणी अधिकाऱ्याचे काम नव्हे, असा त्याचा आशय होता. १९७७ मध्ये निवडणूक झाली आणि सत्ता बदलली. मुसोलिनीच्या इटलीत १९२६ नंतर असे दार उरले नव्हते.

आजचा संदर्भ

४४ व्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचे कारण वगळून 'सशस्त्र बंड' हे शब्द घातले. टिळकांना ज्याखाली शिक्षा झाली, त्या राजद्रोहाच्या कलमाचा वापर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्थगित केला. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत 'राजद्रोह' हा शब्द नाही. मात्र सार्वभौमत्व व एकात्मता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे कलम १५२ आहे. त्याची व्याप्ती किती, हा वादाचा विषय आहे. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा ठरविण्याचा अधिकार सरकारी कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरविला.

वृत्तपत्राचा गळा आवळण्यासाठी आता तपासणी अधिकारी कचेरीत बसवावा लागत नाही. जाहिराती रोखणे, बदनामीचे खटले लांबविणे किंवा पत्रकाराला जनतेचा शत्रू ठरविणे एवढेही पुरते. म्हणून कोणत्याही पक्षाच्या सरकारला विशेषण लावण्याआधी वाचकाने तीन प्रश्न विचारावेत. हे सरकार टीकाकाराला गप्प करते, स्तुती करायला लावते, की लोकांच्या नजरेतून उतरविते? त्याविरुद्ध निकाल देणारे न्यायालय आहे काय? आणि ते सरकार पुढच्या निवडणुकीत हरू शकते काय? शेवटच्या दोन प्रश्नांचे उत्तर 'होय' असेतोवर ती दारे वापरणे, हेच नागरिकांचे काम आहे.