कोब्राचं इंजिन आणि आपलं कलम ५२

इंजिन बदललेल्या गाड्यांचे व्हिडिओ बघून आपल्याकडची पोरं म्हणतात, "दोन दिवसांचं काम आहे." तेव्हा मला कॅरल शेल्बी आठवतो. टेक्सासचा माणूस, १९५९ ची ल मांची शर्यत जिंकलेला, पुढे हृदयविकारामुळे शर्यती सोडाव्या लागलेला.

१९६१ मध्ये इंग्लंडच्या एसी कंपनीपुढे पेच आला. तिच्या 'एस' या हलक्या स्पोर्ट्स कारला लागणारं ब्रिस्टलचं दोन लिटरचं इंजिन बंद होणार होतं. गाडी तयार, इंजिन नाही. फोर्डकडे त्याच सुमारास नवं व्ही-८ आलेलं. त्याचं बीड पातळ ओतलेलं, म्हणून आकाराच्या मानाने वजन कमी. शेल्बीने दोन्हीकडे बोलणी करून सोयरीक जुळवली. फेब्रुवारी १९६२ मध्ये बिनइंजिनाची गाडी लॉस एंजेलिसला आली, डीन मूनच्या गॅरेजमध्ये काही तासांत ४.२ लिटरचं इंजिन बसलं, आणि कोब्रा रस्त्यावर!

गोष्ट इथवरच सांगितली जाते. ते काही तास पुरले, कारण खरं काम आधीच झालं होतं. सरेमधल्या एसीच्या कारखान्यात आधी एक व्ही-८ बसवून पाहिलं होतं. मूळ डिफरन्शियलला तो जोर झेपला नसता, म्हणून दणकट सॉल्सबरी डिफरन्शियल घातलं. चॅसी मजबूत केली. मग इंजिन काढून गाडी पाठवली. इंजिन उतरवणं-चढवणं हा तसा सोपा भाग. अवघड असतं ते मागचं सगळं: ॲक्सल, ब्रेक, रेडिएटर, स्टिअरिंग. पहिल्या ७५ गाड्यांनंतर इंजिन ४.७ लिटरचं झालं आणि पुढे स्टिअरिंगही बदलावं लागलं. (सुरुवातीला गाडी एकच होती. वेगवेगळ्या मासिकांना द्यायची म्हणून तिला दर वेळी नवा रंग दिला जाई. जाहिरातीतही गडी पक्का!) १९६५ मध्ये याच कोब्रांनी जीटी गाड्यांचं जागतिक विजेतेपद घेतलं.

आता आपल्याकडे या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलाशी जुळला पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. सीएनजीसारखं इंधन बदलायला परवानगीने वाट आहे, पण छोट्या गाडीत दुसऱ्या कंपनीचं दांडगं इंजिन घालायला नाही. सुरक्षेची काळजी रास्तच आहे. ब्रेक जुनेच ठेवून ताकद दुप्पट करणारे महाभाग मीही पाहिलेत. पण सरसकट बंदीने ते थांबत नाहीत, ते आडरस्त्याच्या गॅरेजात जातात. अपघात झाला की विम्याचा वाद, आणि भुर्दंड समोरच्यालाही.

कॅलिफोर्नियात प्रदूषणाचे नियम भलते कडक. तिथेही इंजिन बदलता येतं. अट एवढीच, की इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं हवं, त्याची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री सोबत बसवायची आणि सरकारमान्य तपासनीसाकडून गाडी पास करून घ्यायची. पास झाली की तसं लेबल गाडीवर लागतं. आपल्या आरटीओत ब्रेक आणि चॅसीची तपासणी जोडून अशी खिडकी का उघडत नाही, हे आमदार-खासदारांना विचारायला हवं.