कल्पित देवमंडळ

अद्भुतरम्य कादंबरी, चित्रपट किंवा खेळ यांसाठी लेखकाने रचलेले देव आणि त्यांच्यामागचा सगळा संसार: उत्पत्तिकथा, नातीगोती, पुजारी, नवस, सण, विटाळ. जुन्या पुराणकथेचे नवे कथन यात धरत नाहीत. इथे देवच नवे लागतात.

इंग्रजीत या प्रकाराचा ठळक आरंभ लॉर्ड डन्सेनी यांच्या ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ (1905) या छोट्या पुस्तकात दिसतो. त्यातला आदिदेव इतर देव घडवून झोपी जातो. त्याला जाग येऊ नये म्हणून एक ढोलवाला अखंड ढोल वाजवतो, कारण ढोल थांबला की देवांसकट सगळी जगे नाहीशी होणार. टोल्कीन यांनी सृष्टीची उत्पत्ती संगीतातून लावली, पण ती कथा असलेले ‘सिल्मरिलियन’ त्यांच्या मृत्यूनंतर, 1977 साली आले. त्यांच्या गाजलेल्या त्रिखंडी कादंबरीत तर देवळे जवळजवळ नाहीतच. जेवणापूर्वी पश्चिमेकडे तोंड करून गप्प उभे राहणारे सैनिक तेवढे भेटतात. टेरी प्रॅचेट यांच्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये (1992) खरी श्रद्धा असलेला एकच भक्त उरल्याने महादेवतेचे कासव होते.

खेळांच्या पुस्तकांनी मात्र या कलेला तक्त्याची सवय लावली. युद्धाचा एक देव, समुद्राचा एक, मृत्यूचा एक. जणू मंत्रिमंडळाचे खातेवाटप. अशा देवाला काय वाहायचे, कधी वाहायचे आणि वाहिले नाही तर काय होते, हे तक्ता सांगत नाही.

ते सांगणारी जिवंत परंपरा पाहायची तर नंदुरबार जिल्ह्यातले खापर सोयीचे. अक्कलकुवा तालुक्यातले, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावरचे हे गाव गुजरातच्या हद्दीजवळ आहे. हद्दीपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगरा हे याहामोगी मातेचे ठाणे असून महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. भाविक बांबूच्या टोपलीत धान्य नेतात. मोहाची दारू, कोंबडा, बकरा हेही मानाचे. दुष्काळात तिने लोकांना धान्य पुरवले अशी कथा आहे, म्हणून टोपलीतल्या दाण्याला अर्थ आहे. राजा पांठा, गांडा ठाकोर ही नावे तिच्याबरोबरच येतात. कोण कोणत्या खात्याचा, हा प्रश्न इथे कुणी विचारत नाही.

याच तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी आणखी बारकाईने पाहण्याजोगी. खड्डा हातांनी उकरतात, त्यात उंच बांबू उभा करतात आणि होळी पेटते ती पहाटे. बुध्या आणि बावा होणारे पुरुष अंगावर राखेचे ठिपके काढतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्याला मोरपिसांचा टोप घालतात. त्याआधी काही दिवस त्यांना ‘पालनी’ पाळावी लागते: जमिनीवर झोपायचे, पायात काही घालायचे नाही. गावोगावच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी असल्याने एका गावचे लोक दुसऱ्या गावच्या होळीत नाचू शकतात. धर्माचे वेळापत्रक असे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सोयीने ठरते, हे कादंबरीकाराला सहसा सुचत नाही.

नवा देव नेमका कसा येतो, याचाही पुरावा याच भागाच्या आसपास मिळतो. 1922 साली दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात सलाबाई ही देवी अंगात येऊ लागली. दारू सोडा, रोज आंघोळ करा, अशा तिच्या आज्ञा होत्या. डेव्हिड हार्डिमन यांनी 1987 साली या चळवळीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. त्यांच्या मांडणीत देवीच्या आज्ञांमागे दारूविक्रेते पारशी आणि जमीनमालक यांच्याशी असलेला झगडा स्पष्ट दिसतो. पुढे 1938च्या सुमारास तळोदा तालुक्यात गुला महाराजांची चळवळ उभी राहिली. प्रत्येकाने प्रत्येकाला ‘आप’ म्हणायचे, म्हणून तिला ‘आप धर्म’ हे नाव पडले. तिथेही दारूबंदी होती.

म्हणजे ज्या टापूत मातेला मोहाची दारू वाहतात, त्याच टापूत दारू सोडणे हीही भक्तीच ठरली. रचलेल्या धर्मांत दोन देवांची लढाई नेहमी दिसते. एकाच गावातल्या भाविकांनी नैवेद्यात काय ठेवावे यावरून पडलेली फूट क्वचितच. मराठीत असे जग रचू पाहणाऱ्याला रा. चिं. ढेरे यांचे ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ उपयोगी पडेल. देवाभोवती एकेक थर कसा चढत जातो, हे त्यात एकाच देवतेचा माग काढून दाखवले आहे.