अदृश्य लहरींचें दर्शन

इ. स. १९३५ च्या फेब्रुवारीची २६ वी तारीख. इंग्लंडांत डॅव्हेंट्री येथील बी. बी. सी. चें लघुलहरी केंद्र चालू होतें. तेथून कांहीं मैलांवर एका शेतांत उभ्या केलेल्या मोटारींत रॉबर्ट वॉटसन-वॉट व आर्नल्ड विल्किन्स हे शास्त्रज्ञ कांचेवरील प्रकाशाच्या ठिपक्याकडे टक लावून बसले होते. हेफर्ड जातीचें एक बॉम्बफेकी विमान आकाशांत येरझारा घालीत होतें. डॅव्हेंट्रीची लहर त्यावर आपटून परत आली व ठिपका हलूं लागला. विमान सुमारें ८ मैल दूर असतांनाहि त्याची चाहूल लागली. ब्रिटनच्या रडारयंत्रणेचा पाया या प्रयोगानें घातला गेला.

तें विमान स्वतः कांहींच बोलत नव्हतें. परक्या लहरीनें त्याला उघडें पाडलें. आजचें ड्रोन मात्र बहुधा बोलकें असतें. चालकाच्या आज्ञा तें ऐकतें आणि आपल्या कॅमेऱ्यांतील चित्र परत धाडतें. हें संभाषण सामान्यतः २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतें. परंतु त्याच पट्ट्यांत घरोघरच्या वाय-फायचाहि गलबला असतो. त्यांतून ड्रोनचा आवाज निवडावा कसा?

याचें गणित जुनें आहे. एकमेकींत गुंतलेल्या लहरी सुट्या करण्याची रीत फ्रेंच पंडित फूरिए यानें १८२२ च्या आपल्या उष्णताविषयक ग्रंथांत मांडली. पण तिला आकडेमोड फार लागे. १९६५ सालीं कूली व टुकी या दोघां अमेरिकन गणितज्ञांनीं तिचा जलद मार्ग प्रसिद्ध केला. १,०२४ नमुन्यांसाठीं जेथें दहा लाखांवर गुणाकार करावे लागत, तेथें सुमारें दहा हजारांत काम भागूं लागलें.

पूर्वीच्या रेडिओंत लहरींची निवड तारेचीं वेटोळीं व कंडेन्सर करीत. हें काम संगणकाच्या आज्ञावलीकडे सोंपवावें, हा विचार जोसेफ मिटोला यांनीं १९९२ सालीं ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ या नांवानें मांडला. २०१२ सालीं असें उघडकीस आलें कीं, संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठीं विकली जाणारी एक स्वस्त डबी लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाला देऊं शकते. ड्रोनच्या पट्ट्यापर्यंत तिची धांव नव्हती. त्यानंतर आलेलें ‘हॅकआरएफ’ हें यंत्र मात्र ६ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोंचतें व सेकंदाला २ कोटी नमुने घेतें. संगणक ते त्याच क्षणीं सोडवून पडद्यावर रंगीत धबधबा उमटवितो. आडव्या दिशेनें कंपनसंख्या, उभ्या दिशेनें काळ आणि रंगानें लहरीचा जोर दाखविला जातो. सतत जागा बदलणाऱ्या आज्ञा विखुरलेल्या ठिपक्यांसारख्या दिसतात. चित्राची लहर रुंद पट्ट्यासारखी दिसते.

अशा दर्शनाची निकड १९ डिसेंबर २०१८ च्या रात्रीं लंडनजवळील गॅटविक विमानतळावर कळून आली. ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळें धावपट्टी बंद झाली. सुमारें १,००० उड्डाणें विस्कळित झालीं व १,४०,००० प्रवाशांचे हाल झाले. पुढें २०१९ सालीं तपास संपला, तरी कोणावरहि आरोप ठेवला गेला नाहीं. डोळ्यांच्या साक्षीला लहरींच्या नोंदीची जोड किती मोलाची असते, याचा हा धडा होता.

तथापि या विद्येलाहि मर्यादा आहे. ठरविलेल्या मार्गानें आपोआप जाणारें ड्रोन मुकाट्यानें उडूं शकतें. युक्रेनच्या युद्धांत तर कांचतंतूची बारीक दोरी मागें सोडीत जाणारीं ड्रोनें आलीं; त्यांचें सारें संभाषण त्या तंतूंतूनच चालतें. धबधब्याच्या पडद्यावर त्यांची खूण उमटत नाहीं. पडदा कोरा राहिला म्हणून आकाश निर्धोक आहे असें धरून चालणारा पहारेकरी फसतो. अशा मौनी पाहुण्यासाठीं पुन्हां डॅव्हेंट्रीचीच युक्ति योजावी लागते. तें बोलत नसेल, तर आपली लहर त्याच्यावर आपटवून तिच्या परतण्याची वाट पाहावयाची.