तेल आणि पाणी यांच्यामधली तटबंदी : पिकरिंग की रॅम्सडेन?

🧵 धागा

१/ इ.स. १९०७. इंग्लंडमधील वोबर्न येथील प्रायोगिक फळबाग. स्पेन्सर अम्फ्रेव्हिल पिकरिंग हे रसायनशास्त्रज्ञ सफरचंदाच्या झाडांवरील किडींसाठी फवारणीचे द्रावण तयार करत होते. कीड मारण्यास पॅराफिन तेल, म्हणजे आपले रॉकेल, उपयोगी. परंतु ते पाण्यात मिसळत नाही आणि पानावर तसेच पडले तर पान करपते.

२/ तेलाचे बारीक थेंब पाण्यात टिकवून धरलेल्या मिश्रणाला पायस किंवा इमल्शन म्हणतात. त्यासाठी साबण वापरण्याची रीत होती. पिकरिंग यांनी साबण बाजूला ठेवून मोरचूद व चुना यांच्या संयोगातून पडणारा अत्यंत बारीक, न विरघळणारा साका वापरला. (नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला आणि कोकणातल्या सुपारीवाल्याला हे जोडपे बोर्डो मिश्रण म्हणून चांगलेच परिचयाचे आहे.) साक्याचे कण तेलाच्या थेंबांभोवती दाटीने बसले आणि थेंब एकमेकांत मिसळेनासे झाले.

३/ विरघळलेला पदार्थ नव्हे, तर घन कणांचे कवच थेंबाचे रक्षण करते, हा विचार त्या काळी सहज पटणारा नव्हता. अशा मिश्रणांना आज ‘पिकरिंग पायस’ म्हणतात.

४/ मात्र हा मान निर्विवाद नाही. चार वर्षे आधी, १९०३ मध्ये, ऑक्सफर्डच्या वॉल्टर रॅम्सडेन यांनी रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात द्रवाच्या पृष्ठभागावर घन पदार्थाचा थर कसा जमतो, हे मांडले होते. रॅम्सडेन प्रथिनांच्या अभ्यासातून या प्रश्नाकडे वळले होते; पुढे ते लिव्हरपूल येथे जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. प्रथम शोध रॅम्सडेन यांचा, नाव पिकरिंग यांचे! आता काही लेखक दोघांची नावे जोडून लिहितात. न्यायाच्या दृष्टीने तेच योग्य.

५/ कण तेलाला थेंबात कोंडतो की पाण्याला? १९२३ मध्ये फिंकल, ड्रेपर आणि हिल्डेब्रँड यांनी उत्तर दिले : कणाला जो द्रव अधिक भिजवतो, तो बाहेर राहतो, दुसऱ्याचे थेंब होतात. मोजमाप म्हणजे स्पर्शकोन. पाण्याच्या बाजूने मोजलेला कोन ९०° हून कमी असेल तर पाण्यात तेल, जास्त असेल तर तेलात पाणी.

६/ कण एकदा सीमेवर बसला की सहसा हलत नाही. का? त्याने तेल-पाण्याच्या सीमेचा जेवढा तुकडा झाकला, तेवढी पृष्ठऊर्जा वाचते. कोन ९०° आणि त्रिज्या १० नॅनोमीटर असेल, तर त्याला उपटण्यास लागणारी ऊर्जा रेणूंच्या नेहमीच्या औष्णिक धडपडीच्या अडीच ते चार हजार पट भरते. ही ऊर्जा त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून १ नॅनोमीटरच्या कणासाठी ती केवळ पंचवीस ते चाळीस पट उरते. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला.

७/ स्पर्शकोन निसर्गाने ठरवून दिलेला नसतो. कणाला वेगळे ‘वस्त्र’ चढवले की तो बदलतो. १९९४ मध्ये, योगायोगाने लिव्हरपूलमध्येच, ब्रुस्ट, शिफ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोन्याचे क्षार पाण्यातून टोल्युइनमध्ये नेले आणि १ ते ३ नॅनोमीटरचे सुवर्णकण थायॉलच्या आवरणात घडवले. ती तेलकट शेपटांची झूल अंगावर येताच सोने टोल्युइनमध्येच रमले.

८/ हल विद्यापीठात बर्नार्ड बिंक्स आणि लम्सडन यांनी २००० मध्ये हाच खेळ सिलिकावर केला. उघडे सिलिकाकण पाणीप्रिय. सिलेनचे पूर्ण आवरण दिले की तेलप्रिय. सर्वांत टिकाऊ पायस मात्र अर्धवट आवरणाच्या कणांनी दिले. दोन्ही घरचा पाहुणाच सीमेवर घट्ट बसतो.

९/ तर २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील रसेल, एम्रिक आणि सहकाऱ्यांनी कॅडमियम सेलेनाइडचे आवरणयुक्त नॅनोकण टोल्युइनमधील पाण्याच्या थेंबांवर बसवले. वोबर्नच्या साक्याहून हे कण कितीतरी लहान. त्यामुळे त्यांची पकडही सैल. सीमेवर आधी २.८ नॅनोमीटरचे कण होते. मग ४.६ नॅनोमीटरचे कण सोडले. मोठ्यांनी लहानांना हळूहळू हुसकावून त्यांची जागा घेतली.